इंजेक्शनवरचं अंग

नरसिंग यादवचं नाव निघालं की निपाणीपासून बेळगावपर्यंत कुस्तीच्या गप्पांत आजही दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पोराच्या खाण्यात कालवलं, घात केला. दुसऱ्याचं म्हणणं, खाल्लं आणि सापडला, सगळेच खातात. दोन्ही तट हिरिरीनं भांडतात. पण ज्या गोळीवरून हे सगळं रामायण घडलं, ती गोळी पोटात गेल्यावर करते काय, हा प्रश्न मात्र दोन्हीकडं कुणी काढत नाही.

प्रकरण थोडक्यात असं. नरसिंग मूळचा उत्तर प्रदेशचा, पण पैलवान म्हणून घडला मुंबईत, जोगेश्वरीत. 2011, 2012 आणि 2013 अशी लागोपाठ तीन वर्षं तो महाराष्ट्र केसरी झाला. 2015 मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात त्यानं कांस्य मिळवलं आणि देशाला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. त्या जागेसाठी चाचणी लढत व्हावी म्हणून पैलवान सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि हरला. मग जुलै 2016 मध्ये बातमी फुटली की सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात मेथॅन्डियेनोन हे स्टेरॉइड सापडलं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे नाडानं, 1 ऑगस्टला त्याला घातपाताचा बळी मानून सोडलं. जागतिक संस्था वाडा लवादाकडं गेली. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा ठोस पुरावा नाही, आणि नमुन्यातलं प्रमाण पाहता गोळी एकापेक्षा जास्त वेळा घेतली गेली असण्याचीच शक्यता अधिक, असा लवादाचा निष्कर्ष होता.

त्या पंधरवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं छापली. कट कुणाचा, स्वयंपाकघरात कोण शिरलं, पोलीस तक्रारीत कुणाचं नाव. यकृत, हृदय, अंडकोष हे शब्द त्यात शोधूनही सापडायचे नाहीत. स्टेरॉइड म्हणजे बंदी, बदनामी, हुकलेलं पदक, एवढंच आपल्या डोक्यात बसलं. आणि ज्याला पदकाची आशाच नाही, त्याला बंदीची भीती कसली? आमच्या भागात ही गोळी आणि इंजेक्शन घेणाऱ्यांतले बहुतेकजण नेमके असे आहेत. माझा मुद्दा तेवढाच आहे.

मेथॅन्डियेनोन काही नवं नव्हे. 1954 मध्ये व्हिएन्नाच्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेला अमेरिकन संघाबरोबर गेलेल्या डॉ. जॉन झिगलर यांना कळलं की सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन घेतात. पुढं 1958 मध्ये सिबा कंपनीनं अमेरिकेत डायनाबोल या नावानं ही गोळी आणली आणि झिगलर यांनी ती आपल्या लिफ्टरना दिली. त्यांनी सांगितलेला डोस थोडा होता. पोरांनी तो आपल्या मनानं कित्येक पटींनी वाढवला. झिगलर यांना आयुष्याच्या शेवटी या प्रकरणाचा पश्चात्ताप होत राहिला. कर्नाटकालाही ही गोळी ठाऊक आहे. उडुपीकडची अश्विनी अक्कुंजी 2010 च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत रिलेची सुवर्णकन्या ठरली आणि 2011 मध्ये सोबतच्या धावपटूंसह स्टेरॉइडमध्ये सापडली. परदेशी प्रशिक्षकानं आणलेल्या जिनसेंगमधून ते अंगात गेलं, असं मुलींचं म्हणणं होतं. बंदी टळली नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी: या औषधानं अंग भरतं. अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन यांच्या गटानं 1996 मध्ये 43 पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला 600 मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन आणि सोबत व्यायाम, असं दहा आठवडे चाललं, तेव्हा चरबी सोडून वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं वाढलं ते दोन किलोंच्या आसपास. त्याआधी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संघटनेनं 1977 मध्ये या औषधांचा ताकदीला फारसा उपयोग नाही अशी भूमिका घेतली होती आणि नंतर ती बदलावी लागली. ती पहिली भूमिका महागात पडली. पोराला आरशात उपयोग दिसत होता, डॉक्टर म्हणत होते उपयोग नाही. मग त्याच डॉक्टरांनी पुढं यकृताचं सांगितलं, हृदयाचं सांगितलं, ते तरी कोण मानणार?

आता आपल्या मुलखाकडं येऊ. 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण कुस्ती कधी गेलीच नाही. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर. कोगनोळी ओलांडली की कोल्हापूर. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली पोरं वळकटी घेऊन गंगावेस, मोतीबाग असल्या तालमींत राहायला जातात, आणि तिकडचे, हरियाणा-पंजाबचे पैलवान इकडं बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात उतरतात. शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 चं. त्या मैदानाची ओढ सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच. दुसरीकडं बेळगाव शहर हे शरीरसौष्ठवाचंही गाव. ‘श्री’च्या स्पर्धा, रोषणाई, तेल लावलेली शरीरं, शिट्ट्या. गल्लीगल्लीत जिम. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरात असल्यानं सैन्यभरतीची स्वप्नंही इथं लवकर पडतात. पैलवान, बॉडीबिल्डर आणि भरतीची तयारी करणारा, हे तिघे एकाच चहाच्या गाड्यावर भेटतात. कुठलं इंजेक्शन कुणाला ‘लागू पडलं’, ही माहितीही तिथूनच फिरते.

आणि या तिघांपैकी एकाचाही नमुना सहसा कुणी घेत नाही. 2023 मध्ये देशभरातून 5,606 नमुने तपासले गेले, त्यातले दोनशेहून जास्त सदोष निघाले. हे प्रमाण 3.8 टक्के, पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत सगळ्यांत जास्त. मान खाली घालायला लावणारा आकडा खरा. पण दुसऱ्या बाजूनंही पाहा. एवढ्या मोठ्या देशात साडेपाच हजार बाटल्या, त्याही मुख्यतः राष्ट्रीय शिबिरांत नि मोठ्या स्पर्धांत. जत्रेच्या मैदानात कमिटी जोड लावते, इनाम ठरवते, हलगी लावते, पाहुण्यांना फेटे बांधते. लघवीची बाटली घेऊन तिथं कोण उभं राहणार? 2022 मध्ये संसदेनं उत्तेजकविरोधी कायदा केला, तो चांगलाच आहे. पण चैत्रातल्या गावजत्रेपर्यंत तो पोचायला फार वर्षं जातील.

पैशाचं गणितही समजून घ्यायला हवं. जत्रांचा हंगाम आखूड असतो. त्या थोड्या महिन्यांत जितकी मैदानं मारता येतील तितकी मारायची, त्यावर वर्षाचा खुराक चालवायचा. दूध, तूप, बदाम, मटण यांचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नाही. खांदा निखळला, गुडघा सुजला, तरी पुढच्या आठवड्याचं मैदान सोडवत नाही. अशा वेळी कुणीतरी ‘रिकव्हरी’ हा शब्द काढतो. चैनीनं बिघडलेलं पोरगं म्हणून अशा मुलाकडं बघणं सोपं आहे. तो बहुतेक वेळा घरच्या आशा पाठीवर घेऊन वावरणारा असतो. जुन्या पैलवानांच्या बदाम-थंडाईचं गुणगान गाणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यातल्या अनेकांच्या पाठीशी संस्थान उभं होतं.

जिममधली भाषा वेगळी. ‘डेका’, ‘टेस्टो’, ‘विनी’. नॅन्ड्रोलोन, टेस्टोस्टेरॉन आणि स्टॅनोझोलोल यांची ही घरगुती नावं. कोर्स करायचा, ‘सायकल’ मारायची. वस्तू हातात घेऊन बघितली तर साधीच दिसते: रबरी बूच, पत्र्याची कडी, आत फिकट पिवळं तेल, लेबलावर मिलीग्रॅमचा आकडा. तेल असल्यानं जाड सुई लागते, ढकलताना वेळ लागतो. टोचणारा डॉक्टर नसतो, कंपाउंडरही नसतो, मित्र असतो. एका कुपीत चारजणांचं काम होतं आणि कधी सुईही तीच. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांना याहून सोपी वाट कुठली? शिवाय ढुंगणावर गळू होऊन चिरा द्यावा लागतो तो वेगळाच. आणि आत लेबलावरचंच औषध आहे याची खात्री कोण देणार? साध्या प्रोटीनच्या डब्यांची कथा घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरींची तपासणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली, तर जवळपास 70 टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. उघड्यावर विकल्या जाणाऱ्या डब्याचं हे, तर चोरून आलेल्या कुपीचं काय बोलावं!

ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हा कायदा देशभर एकच. अंमलबजावणी मात्र राज्याराज्याची: तिकडं महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन, इकडं कर्नाटकाची औषध नियंत्रण यंत्रणा. गिऱ्हाईक मोटरसायकलवर पाऊण तासात राज्य बदलतं, निरीक्षकाला ते जमत नाही. फलकावरच्या अक्षरांवरून दोन्ही राज्यं जिवावर उदार होतात; या कुप्यांवर कुणी हक्क सांगितल्याचं ऐकिवात नाही.

अलीकडं यात एक नवीनच लचांड आलंय, त्याचा स्टेरॉइडशी संबंध नाही पण पोरं दोन्हीला ‘इंजेक्शन’च म्हणतात. मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब कोसळला की भूलतज्ज्ञ हे वापरतात. ते रक्तदाब चढवतं, हृदय जोरात पळवतं. तालमीत नि जिममध्ये ते थेट शिरेत घेतलं जातं, थकवा कळू नये म्हणून. पुणे, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात या कुप्यांचे साठे पकडल्याच्या बातम्या गेली काही वर्षं येतच आहेत. भरतीच्या मैदानावरही उत्तेजक इंजेक्शनांचा संशय घेतला जातो. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना 1600 मीटर धावायचं असतं आणि सेकंदासेकंदानं गुण जातात. ज्याचा रक्तदाब मुळात ठीक आहे त्यानं तो चढवणारं औषध घेऊन उन्हात धावायचं, यात मेंदूत रक्तस्राव होण्यापासून हृदय बंद पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आणि याची सवय लागते. कुस्ती सुटते, सुई सुटत नाही.

स्टेरॉइडचं काम याउलट सावकाश चालतं, म्हणून ते जास्त फसवं. हृदयापासून सुरुवात करू, कारण माणसं मरतात ती बहुधा तिथं. दंडाचा स्नायू वाढतो तसा हृदयाचाही वाढतो. भिंत जाड होते, पण ही जाडी ताकदीची नव्हे. हृदय कडक होतं, नीट सैल पडत नाही, भरत नाही आणि पुढं पुढं नीट आकुंचनही पावत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या 140 वजन उचलणाऱ्या पुरुषांची सोनोग्राफीनं तपासणी झाली. त्यातले 86 जण वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे होते. आपल्याकडं टू-डी एको केल्यावर जो ‘ईएफ’, म्हणजे हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर फेकतं त्याचं प्रमाण, लिहून येतो, तो न घेणाऱ्यांत सरासरी 63 टक्के होता, घेणाऱ्यांत 52. कार्डिओलॉजिस्टला हा फरक एका नजरेत कळतो. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही मेदाचे थर जास्त होते. कारण सरळ आहे: ही औषधं, विशेषतः गोळ्या, चांगलं कोलेस्टेरॉल धाडकन खाली आणतात आणि वाईट वाढवतात. त्यातच हिमोग्लोबिन वाढून रक्त दाट होतं. दाट रक्त, अरुंद नळी, जाड भिंत. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो छप्पन इंची गडी.

डेन्मार्कमध्ये जिममध्येही उत्तेजक चाचणी होते, त्यामुळं त्यांच्याकडं नोंदी आहेत. स्टेरॉइडमध्ये सापडलेल्या 1,189 पुरुषांचा तिथं सरासरी अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे 2.8 पट निघालं. आपल्याकडं अशी नोंदच नाही. तरणाबांड पोरगा जिममध्ये कोसळला की ‘अटॅक आला’ एवढंच छापून येतं, आणि अंत्ययात्रेत कुजबुज होते ती कधी कागदावर येत नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवसांत आणखी एक खेळ चालतो. पैलवानाला वजन बसवायचं असतं, बॉडीबिल्डरला कातडीखालचं पाणी काढून शिरा दाखवायच्या असतात. लघवी होण्याच्या गोळ्या घेऊन, पाणी तोडून शरीर वाळवतात. त्यात पोटॅशियम खालीवर होतं आणि आधीच जाड झालेल्या हृदयाचे ठोके बिघडतात. मंचावर उभा असलेला सगळ्यांत रेखीव माणूस त्या घटकेला कदाचित सभागृहातला सगळ्यांत आजारी माणूस असतो.

यकृताचं बोलायचं तर धोका मुख्यतः तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचा. मेथॅन्डियेनोन, स्टॅनोझोलोल यांची रासायनिक घडणच अशी केलीय की यकृतानं त्यांना पटकन मोडू नये. त्याची किंमत यकृत देतं: पित्त अडून कावीळ, अंगभर खाज, क्वचित रक्तानं भरलेल्या पोकळ्या नि गाठी. आपल्याकडं कावीळ झाली की पोरगं आधी झाडपाल्यावाल्याकडं जातं आणि गोळीचं नाव कुणालाच सांगत नाही.

आता जे उघड बोललं जात नाही ते. शरीराला बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू खालच्या कारखान्याला टाळं लावतो. अंडकोष आकसतात, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. हे इतकं खात्रीनं घडतं की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून याचीच चाचणी घेतली होती; 1990 मध्ये तिचे निष्कर्ष आले. आठवड्याला अवघे 200 मिलीग्रॅम. जिममधला ‘कोर्स’ त्याच्या कितीतरी पुढं असतो. औषध सोडल्यावर बहुतेकांचा कारखाना परत चालू होतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षं. त्या मधल्या काळात अंगात ना बाहेरचं हार्मोन ना आतलं. अंग उतरतं, इच्छा मरते, मन खचतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. तेव्हा पोरगं पुन्हा कुपीकडं वळतं. काहींना छातीवर गाठी येतात, त्या बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय जात नाहीत.

आणि आपल्या समाजात याचा भार कुणावर पडतो? लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की सुनेला नेतात. तिच्या तपासण्या, तिच्या सोनोग्राफ्या, तिचे सोमवार, तिला सौंदत्तीच्या डोंगरावर नवस. नवरा नावाजलेला पैलवान, त्याच्यात खोट असेल हा विचारच घरात कुणाच्या मनाला शिवत नाही. वीर्यतपासणी सगळ्यांत शेवटी होते. यात एक सापळाही आहे: उत्साह कमी झाला म्हणून कुणी अर्धवट माहितीवर टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन दिलं, तर उरलेसुरले शुक्राणूही जातात.

मुलींचं तर वेगळंच. आता आपल्या भागात मुलीही लाल मातीत आणि मॅटवर उतरतात, ही मोठी आनंदाची गोष्ट. पण त्यांच्या शरीरावर या औषधांचा काही परिणाम कायमचा होतो. घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यावरही पूर्ववत होत नाही. पूर्व जर्मनीनं हे सरकारी योजना म्हणून केलं, शाळकरी जलतरणपटूंना जीवनसत्त्व म्हणून निळ्या गोळ्या चारल्या. बर्लिनची भिंत पडल्यावर त्या मुलींनी खटले भरले आणि 2000 मध्ये तिथले क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड दोषी ठरले. लहान वयातल्या मुलामुलींत आणखी एक: हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथंच थांबते. सोळाव्या वर्षी पोराला ‘तयार’ करायला निघालेल्या बापानं एवढं तरी ऐकावं.

वस्तादांना हे ठाऊक नसतं असं नाही. बरेच वस्ताद पोराचा चेहरा बघून ओळखतात: पाठीवर, खांद्यावर अचानक उठलेले मोठाले फोड, दोन महिन्यांत भरलेलं अंग, क्षुल्लक कारणावरून उसळणारा राग. काही वस्ताद तालमीतून काढून टाकतात. माझ्या मते हे चुकतं. काढून टाकलेला पोरगा घरी जात नाही, जिमच्या मागच्या खोलीत जातो. त्याला ठेवून घेऊन दवाखान्यात नेणारा वस्ताद मला जास्त मोठा वाटतो. डोळ्यांवर कातडं ओढून घेणाऱ्या आणि पुढं स्वतःच ‘सोय’ करणाऱ्या वस्तादांबद्दल मात्र बोलायला माझ्याकडं चांगला शब्द नाही.

जत्रा कमिट्यांना एक विनंती. नमुने तपासणं तुमच्या हाती नाही, पण मैदानाच्या सकाळी तालुक्यातला एक डॉक्टर बसवून प्रत्येक जोडीचा रक्तदाब मोजणं आणि शंका आली तर ईसीजी काढणं हातात आहे. शेवटच्या कुस्तीच्या इनामातला थोडका भाग पुरेल. रक्तदाब चढलेला गडी त्या दिवशी लढणार नाही, हे हलगी वाजायच्या आधी जाहीर करा.

आणि ज्यानं हे घेतलंय किंवा घेतोय, त्याला. एकदम मनानं बंद करून गावाला निघून जाऊ नको, आणि उतरलेलं अंग बघून परतही सुरू करू नको. यातून बाहेर पडायला डॉक्टर लागतो, एंडोक्रायनॉलॉजिस्ट मिळाला तर उत्तम. बेळगावात मेडिकल कॉलेजची मोठी रुग्णालयं आहेत, कोल्हापूरलाही आहेत. ईसीजी, टू-डी एको, लिपिड, यकृत नि मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट, टेस्टोस्टेरॉन, कावीळ ब-क आणि एचआयव्ही, एवढ्या करून घे. सुई वाटून घेतली असेल तर तेही सांग. डॉक्टर पोलिसात देत नाही आणि नाडाला फोनही करत नाही. लाज वाटली तर घरच्यांना बाहेर बसव, पण आत गेल्यावर नाव, डोस आणि किती महिने, हे खरं सांग. रिकामी कुपी आणि डब्याचं लेबल सोबत घेऊन जा.